वंगण

आमच्या सांगलीकडच्या गावात सायकल येण्याआधी चाक म्हणजे बैलगाडीचं चाक. मधोमध लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वरून लोखंडी धाव. तुंबा थेट आखावर घासत फिरायचा, म्हणून गाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा लोंबकळत असायचा. लांबच्या बाजाराला निघताना खीळ काढायची, चाक बाहेर ओढायचं आणि एरंडेलाचं काळं वंगण आखाला चोपडायचं. हयगय झाली की गाडी कुरकुरायची आणि त्याची शिक्षा बैलं भोगायची.

सायकलीनं ही घसट घालवली. पॅरिसच्या जूल सुरिरे या सायकल कारागिरानं 1869 साली चाकाच्या आसाभोवती पोलादी छर्रे बसवायचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात जेम्स मूरनं पॅरिस ते रुआन ही शर्यत छऱ्यांच्या सायकलीवर जिंकली. घासण्याच्या जागी गडगडणं आलं. पुढं 1883 मध्ये जर्मनीत फ्रीडरिश फिशरनं छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र केलं आणि ते स्वस्त झाले. आपल्याकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान थाटलं. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी ही त्यानंतरची गोष्ट.

पण छर्रे आले तरी वंगण सुटलं नाही. उलट आमच्या घरात त्यावरून वाद पेटला.

आजोबांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांची सायकल जुनी विलायती. तिच्या हबवर मधोमध बारीक भोक होतं आणि त्यावर पत्र्याची सरकती पट्टी. तात्या पट्टी सरकवून चार थेंब तेल सोडायचे. ‘‘गाडीला लागतं ते सायकलीला बी लागतंच की! चाक काय वेगळं हाय?’’

आण्णांची, म्हणजे वडिलांची, सायकल लुधियानाची. तिच्यावर मागं दुधाच्या दोन किटल्या. पहाटे चार मैलांवर संकलन केंद्र. उशीर झाला तर दूध परत, आणि परत आलेल्या दुधाचे पैसे कोण देणार? सायकलवाला त्यांना बजावायचा, ‘‘आण्णा, तेल सोडू नका. आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातंय. मग पावसाचं पाणी सरळ कपात.’’

दोघंही खरं बोलत होते. तात्यांच्या हबची रचनाच तेलाची. ते सतत झिरपणार, जाताना घाण बाहेर नेणार, म्हणून वरचेवर घालायचं. आण्णांचा हब ग्रीसचा. ग्रीस जागेवर बसून राहतं आणि पाणी, धूळ अडवतं. वाद तेल-ग्रीसचा नव्हता, दोन जमान्यांच्या दोन चाकांचा होता.

पाऊस सरला की आण्णा सायकल खोलायचे. खाली जुनं धोतर पसरायचं, नाहीतर छर्रा मातीत गेलाच म्हणून समजा. मागच्या चाकात एका बाजूला नऊ, पुढच्यात दहा. सगळे रॉकेलमध्ये धुवायचे, कोरडे पुसायचे आणि उजेडात फिरवून बघायचे. एकावरही खड्डा दिसला तर त्या बाजूचे सगळेच नवे. कपात बोटभर ग्रीस भरायचं, त्यात छर्रे रुतवायचे, वरून कोन फिरवायचा. कोन जास्त आवळला तर छर्रे कप खातात. सैल राहिला तर चाक डुलतं. आण्णांची परीक्षा सोपी होती. चाक उचलून हळूच फिरवायचं. व्हॉल्व्ह झोके घेत आपसूक खाली येऊन थांबला की झालं.

हे काम खंडेनवमीच्या आदल्या दिवशी व्हायचं. दुसऱ्या दिवशी विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या रांगेत सायकलही उभी राहायची. आई हळदकुंकू लावताना म्हणायची, ‘‘ह्या हत्यारानं दोन पोरं शिकली.’’ त्यातला धाकटा मी.