प्रेषितपद : आद्य ख्रिस्ती मंडळीतील आणि आजचे

प्रास्ताविक :
'प्रेषित' म्हणजे पाठविलेला. नव्या करारातील 'अपोस्टोलोस' या ग्रीक शब्दाचा अर्थही हाच आहे. प्रेषितांचा अधिकार त्यांच्याबरोबर संपला की पुढे कोणाकडे गेला, आणि गेला असल्यास तो कशावरून ओळखावा, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

साक्षीदार आणि संस्थापक :
यहूदा इस्कर्योताच्या जागी मत्थियाची निवड झाली, त्या वेळची अट 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात नोंदलेली आहे. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत येशूच्या सहवासात असलेलाच पुनरुत्थानाचा साक्षीदार म्हणून निवडला जाणार होता. पुढे इ. स. ४४ च्या सुमारास हेरोद अग्रिप्पा पहिला याने जब्दीचा पुत्र याकोब याचा वध केला. त्याच्या जागी मात्र कोणाची निवड झाल्याची नोंद नाही. यहूदाची जागा विश्वासघाताने रिकामी झाली होती, याकोबाची हौतात्म्याने. साक्षीदाराचे पद वारशाने भरावयाचे नव्हते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

तथापि हे नाव बारा जणांपुरते मर्यादित राहिले नाही. पौल उपरोक्त अटीत बसत नव्हता. पुनरुत्थित ख्रिस्ताचे दर्शन आणि स्वतः उभारलेली करिंथची मंडळी, हे दोन आधार तो पुढे करतो. बर्णबालाही प्रेषित म्हटले आहे. इ. स. ४८-४९ च्या सुमारास यहुदीतरांच्या सुंतेचा वाद यरुशलेमेत आला, तेव्हा त्याचा निर्णय प्रेषित आणि वडील यांनी मिळून घेतला. प्रेषितांचा अधिकारही एकहाती नव्हता.

परीक्षा आणि परंपरा :
पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रचलेल्या 'डिडाखे' या ग्रंथात फिरत्या प्रेषितांची कसोटी दिली आहे. आलेल्या प्रेषिताचे आदराने स्वागत करावे. पण तो तीन दिवस राहिला किंवा निघताना पैसे मागू लागला, तर त्यास खोटा संदेष्टा समजावे. म्हणजे मंडळी प्रेषितास मान देत असे, तशीच त्याची पारखही करीत असे.

फिरते प्रेषित मागे पडल्यावर स्थानिक बिशपांचे महत्त्व वाढले. इ. स. १८० च्या सुमारास आयरेनियसने रोमच्या बिशपांची यादी दिली. गुप्त ज्ञानाचा दावा करणाऱ्या नॉस्टिक पंथीयांना त्याचे ते उत्तर होते : प्रेषितांची शिकवण उघड आहे आणि तिची परंपरा कोणासही तपासता येते.

आधुनिक काळ :
रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरा बिशपांना प्रेषितांचे उत्तराधिकारी मानतात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी मात्र व्यक्तींच्या साखळीपेक्षा शिकवणीच्या सातत्यावर भर दिला. १८३५ मध्ये हे पद दोन ठिकाणी नव्याने उभे राहिले. इंग्लंडमधील कॅथलिक अपोस्टोलिक चर्चने बारा प्रेषित नेमले, पण मृतांच्या जागा भरल्या नाहीत. १९०१ मध्ये शेवटचा प्रेषित निवर्तल्यावर तेथील दीक्षाविधीच थांबले. अमेरिकेतील मॉर्मन चर्चचे बारा प्रेषितांचे मंडळ मात्र रिक्त जागा भरत आजही टिकून आहे. नागपूर येथे १९७० मध्ये निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बिशपपद स्वीकारले गेले. पण त्यास घटनेची चौकट देण्यात आली. याउलट विसाव्या शतकाच्या अखेरीस सी. पीटर वॅग्नर यांनी 'नव प्रेषितीय सुधारणा' असे नाव दिलेल्या प्रवाहात प्रेषितपद प्रामुख्याने व्यक्तीच्या दैवी पाचारणावर आधारलेले आहे.

समारोप :
प्रत्यक्ष साक्षीदाराची भूमिका पहिल्या पिढीबरोबर संपली. पाठविलेल्याचे कार्य चालू राहिले. हे पद आज कोणी धारण करावे, याविषयी मतभेद राहतील. परंतु आद्य मंडळीने प्रेषितास प्रश्न विचारण्याचा हक्क कधी सोडला नव्हता. जेथे तो हक्क नाकारला जातो, तेथे प्रेषित हे नाव उरते. आद्य मंडळीतील प्रेषितपद उरत नाही.