तळटीप : न्यायासनावर कोण?

१. येथील ‘कोर्ट’ म्हणजे जनरल कोर्ट मार्शल. त्यात ज्यूरी नसते. किमान पाच अधिकारी बसतात आणि त्यांना नेमतो खटला भरवणारा वरिष्ठच. म्हणून १९५०च्या लष्कर कायद्यातले कलम १३० मला फार मोलाचे वाटते : सदस्यांची नावे आरोपीला वाचून दाखवायची आणि कोणाविषयी हरकत आहे का, हे विचारायचे. रणजित ठाकूर खटल्यात (१९८७) जवानाने ज्या कमांडिंग ऑफिसरच्या वागणुकीबद्दल वरिष्ठांकडे दाद मागितली होती, तोच पुढे समरी कोर्ट मार्शलमध्ये त्याचा न्याय करायला बसला. आरोप काय, तर हुकूम होऊनही जेवला नाही! शिक्षा एक वर्ष कैद, वर बडतर्फी. हरकत विचारलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.