ओळखीचा धंदा

माझं लहानपण नागपूरला गेलं. हिवाळी अधिवेशन भरलं की आमदार निवासाच्या आवारात हातात फायली घेतलेल्या माणसांची रीघ लागायची, आणि त्या गर्दीत एखादा माजी आमदार हमखास असायचा. निवडणूक हरलेला, पण कोणत्या खोलीत कोण उतरलंय हे त्याला तोंडपाठ. लोक त्याच्या मागेमागे फिरायचे. पुढे कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, मी सरकारी खात्यात नोकरीला लागले तेव्हा तोच माणूस मला पुन्हा भेटला. इथे मात्र तो नोंदणी केलेला लॉबिस्ट, म्हणजे पैसे घेऊन इतरांसाठी आमदारांकडे शब्द टाकणारा, होता. त्याचे अशील कोण, ते किती पैसे मोजतात, हे कोणालाही पाहता येत होतं.

सॅक्रामेंटोत या मंडळींना ‘तिसरं सभागृह’ म्हणतात. असेंब्लीत 80 सदस्य, सिनेटमध्ये 40, आणि या तिसऱ्यात आज हजाराच्या वर. एके काळी तिथे आर्टी सॅमिशची सत्ता होती. तो कधीच निवडून आलेला नव्हता. 1949 साली ‘कॉलियर्स’ साप्ताहिकासाठी त्याने मांडीवर बोलका बाहुला बसवून फोटो काढून घेतला. बाहुला म्हणजे विधिमंडळ! राज्यभर संताप उसळला, लगोलग लॉबिस्टांच्या नोंदणीचा कायदा आला, आणि 1953 मध्ये करचुकवेगिरीच्या खटल्यात सॅमिश दोषी ठरला.

त्यानंतरच्या काळातलं मोठं नाव जेम्स गॅरिबाल्डी. ते मर्सेडकडचे, आधी असेंब्लीचे सदस्य, मग न्यायाधीश, आणि त्यानंतर कित्येक दशकं मद्याच्या घाऊक व्यापाऱ्यांचे आणि घोड्यांच्या शर्यतवाल्यांचे लॉबिस्ट. सगळे त्यांना ‘जज्ज’ म्हणूनच हाक मारत. मला या संबोधनाचंच नवल वाटतं. मद्यविक्रेत्यांचा माणूस दारात आला तर आमदार त्याला थांबवून ठेवील. ‘जज्ज’ आले तर उठून खुर्ची देईल. लोकांनी दिलेला मान असा पगारावर कामाला लागतो.

त्या काळी आमदारांना लॉबिस्टांच्या पैशाने जेवणं असत. ‘मूस मिल्क’, ‘डर्बी क्लब’, ‘क्लॅम अँड कोरल’ अशी त्या पंगतींची नावं. जून 1974 मध्ये मतदारांनीच प्रस्ताव 9 मंजूर करून त्या मोडल्या. लॉबिस्टाने आमदारावर महिन्याला 10 डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. ती मर्यादा आजही तेवढीच आहे.

जेवण मोजता येतं, ओळख कशी मोजणार? 1990 साली मतदारांनी आमदारकीला मुदत घातली, असेंब्लीत सहा वर्षं आणि सिनेटमध्ये आठ. त्याच साली माजी सदस्याला वर्षभर विधिमंडळात लॉबिंग करायला बंदी आली. पण मुदतीमुळे जाणती माणसं बाहेर पडली, आणि नवख्या आमदारांना कायद्याचे बारकावे विचारायला तिसरं सभागृहच उरलं. शिवाय बंदीच्या वर्षातही पडद्यामागे ‘सल्लागार’ म्हणून बसता येतं.

पाण्याच्या एका विधेयकावरची सुनावणी मला अजून आठवते. फ्रेस्नोहून पहाटे निघून आलेला एक शेतकरी मायक्रोफोनच्या रांगेत उभा होता. रांगेतल्यांनी नाव, संस्था आणि पाठिंबा की विरोध एवढंच सांगायचं असतं. त्याने ते सांगितलं, टोपी डोक्यावर घातली आणि तो निघाला. बाहेर पॅसेजमध्ये एक माजी सदस्य समितीतल्या एका आमदाराच्या खांद्यावर हात टाकून निवांत बोलत उभा होता. शेतकरी त्यांच्या बाजूने वाट काढत गेला.

मतं मागून मिळवलेली ओळख अशी विकायला एक वर्षाची आडकाठी फार थोडी आहे, असं मला ठामपणे वाटतं. निदान एका निवडणुकीची पूर्ण मुदत हवी. तरी इथे नोंदवही आहे. त्या माजी सदस्याचं नाव आणि त्याचे अशील मी त्याच संध्याकाळी शोधून काढले होते. आपल्याकडे अशी वहीच नाही. नागपूरच्या पुढच्या अधिवेशनात कोणत्या माजी आमदाराने कोणासाठी कोणत्या मंत्र्याची भेट घेतली, हे लिहून ठेवणारी एक वही तुम्ही तुमच्या आमदाराकडे मागा.