धरून सोडलेला मासा

मुंबईच्या हॉटेलांत रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात रावस आणि सॅमन यांचे काही नाते नाही. रावस हा उष्ण समुद्रातला मासा. सॅमन नदीच्या गोड्या, थंड पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि वीण करण्यासाठी पुन्हा आपल्याच नदीत परततो. या परतीच्या वाटेवर त्याची गाठ माणसाशी पडते. गेल्या शंभर वर्षांत त्या वाटेवर एक चमत्कारिक प्रथा रूढ झाली आहे. माणूस गळाला लागलेला मासा अर्धा तास झुंजवतो, काठाशी आणतो आणि मग पाण्यात सोडून देतो. कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्या कोणाला हे सांगितले, तर तो प्रथम हसेल आणि मग विचारील, "मग धरलाच कशाला?" हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. आजचा वाद बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

नदीतला मासा कोणाचा, हा युरोपातला जुना तंटा आहे. 1215 च्या मॅग्ना कार्टामध्ये थेम्स, मेडवे आणि इंग्लंडातील इतर नद्यांतले मासे अडवण्याचे बांध काढून टाकावेत, असे कलम आहे. त्यामागे नौकानयनाची सोय हा मोठा हेतू होता, तरी नदी कोणा एकाने अडवू नये हे तत्त्व त्यातून लेखी झाले. स्कॉटलंडमध्ये सॅमन धरण्यास ठराविक काळ बंदी घालणारे कायदे मध्ययुगापासून आहेत. या सर्व नियमांत एक गृहीत समान होते. बंदीच्या काळात मासा धरायचा नाही. बंदी उठली की धरायचा आणि खायचा. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा मासेमारीला आरंभ होतो, त्यामागचे शहाणपणही याच जातीचे आहे. धरणे आणि सोडणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी करण्याची कल्पना त्यात कोठेच नव्हती.

ती कल्पना रुजवण्याचे श्रेय बहुधा ली वुल्फ या अमेरिकन लेखकाला दिले जाते. 1905 मध्ये अलास्कात जन्मलेला हा गृहस्थ चित्रकलेचे शिक्षण घेतलेला, पुढे वैमानिक आणि चित्रपटकार झालेला. न्यूफाउंडलंडमधील सॅमनच्या नद्यांवर त्याने आयुष्याचा मोठा काळ घालवला. 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गळाच्या मासेमारीवरील पुस्तकात त्याने असा विचार मांडला, की खेळासाठी धरायचा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही. म्हणजे मूळ युक्तिवाद दयेचा नव्हता, काटकसरीचा होता. सोडलेला मासा दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा धरता येईल, हा त्यातला हिशेब. तेव्हा तो फारसा कोणी मनावर घेतला नाही, कारण नद्या भरलेल्या होत्या.

1960 च्या दशकात चित्र पालटले. युरोप आणि कॅनडा या दोन्हीकडचे सॅमन ग्रीनलंडच्या पश्चिमेस खाण्यासाठी एकत्र येतात, याचा शोध मच्छीमारांना लागला आणि तेथे जाळी पडू लागली. 1971 मध्ये तेथील पकड सुमारे 2,700 टनांपर्यंत पोचली. नद्यांवर मासे कमी दिसू लागले. 1984 मध्ये कॅनडाने अटलांटिक किनाऱ्यावरच्या बहुतेक प्रांतांत हौशी मासेमारांना मोठा सॅमन, म्हणजे 63 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब मासा, ठेवून घेण्यास मनाई केली. यामागे जीवशास्त्र होते. समुद्रात एकाहून अधिक हिवाळे काढून परतणाऱ्या मोठ्या माशांत माद्या अधिक असतात. मादी वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड हजार अंडी घालते. मोठी मादी मारणे म्हणजे पुढच्या पिढीचे बियाणेच खाणे.

पण कॅनडाच्याच एका नदीवर तीन वर्षे आधी जे घडले होते, ते विसरून हा इतिहास सांगता येत नाही. रेस्टिगूश नदीच्या मुखाशी मिगमॉ लोकांची लिस्टुगुज ही वसाहत आहे. त्याच नदीच्या वरच्या भागात 1880 पासून धनिकांचा खाजगी सॅमन क्लब आहे. जून 1981 मध्ये क्वेबेक सरकारने सॅमनच्या रक्षणाचे कारण पुढे करून मिगमॉंच्या जाळ्यांवर निर्बंध घातले आणि 11 व 20 जूनला शेकडो पोलीस व मत्स्यरक्षक वस्तीवर पाठवले. जाळी जप्त झाली, माणसांना अटक झाली. ॲलनिस ओबॉम्सविन यांनी 1984 मध्ये यावर केलेला माहितीपट आजही पाहण्यासारखा आहे. मासा खाण्यासाठी धरणारा येथे गुन्हेगार ठरला आणि मौजेसाठी धरणारा निसर्गप्रेमी. 1990 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रोनाल्ड स्पॅरो या मस्कीम मच्छीमाराच्या खटल्यात हा क्रम दुरुस्त केला. आधी माशांचे संवर्धन, त्यानंतर आदिवासींचा अन्नासाठी मासेमारीचा हक्क आणि मग व्यापारी व हौशी मासेमार, असा क्रम न्यायालयाने लावून दिला. कित्येक मूलनिवासी समाज आजही धरून सोडण्याच्या प्रथेकडे अन्नाशी खेळ म्हणून पाहतात. कोकणातल्या त्या काल्पनिक माणसाचा प्रश्न येथे फार गंभीर होऊन परत येतो.

दुसरा आक्षेप माशाच्या बाजूने आहे. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅमनच्याच कुळातील ट्राउट माशाच्या ओठांत वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंचे अस्तित्व दाखवले. ओठांना इजा झालेले मासे खाणे सोडतात, ओठ खड्यांवर घासतात, असेही त्यांना दिसले. माशाला होणारी जाणीव ही आपल्या वेदनेसारखी असते का, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. मात्र स्वित्झर्लंडने सोडण्याच्याच हेतूने मासा धरण्यास बंदी घातली आहे आणि जर्मनीतही सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणे हा गुन्हा असल्याने केवळ मौजेसाठी मासा धरणे कायद्यात बसत नाही. त्यांचा तर्क सरळ आहे. खायचा असेल तर धरा आणि चटकन मारा; खायचा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे ज्याला भूतदया म्हणतात, तिच्या दृष्टीने पाहिले तर सोडून देणारा नव्हे, तर मुळात न धरणाराच दयाळू ठरतो.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा: सोडलेला मासा जगतो का? पाणी थंड असेल, गळाला उलटा काटा नसेल, झुंज लवकर आटोपली असेल आणि मासा पाण्याबाहेर न काढता सोडला असेल, तर दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक मासे जगतात. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेले, की हे प्रमाण झपाट्याने घसरते, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि दमलेल्या माशाची गरज जास्त. म्हणून कॅनडातील काही नद्यांवर उन्हाळ्याच्या तापलेल्या दिवसांत मासेमारीच थांबवतात. आता असे दिवस वाढत आहेत.

एवढे सगळे करून सॅमन वाचला का? 1990 च्या दशकात आइसलंडच्या ओरी विग्फुसन या उद्योजकाने वर्गणी गोळा करून फेरो बेटे आणि ग्रीनलंड येथील मच्छीमारांना भरपाई दिली व त्यांची जाळी थांबवली. न्यूफाउंडलंडची व्यापारी मासेमारी 1992 मध्ये बंद झाली. आयर्लंडने समुद्रातली तरंगती जाळी 2007 पासून थांबवली. वेल्समध्ये 2020 पासून प्रत्येक सॅमन सोडणे सक्तीचे आहे. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या दहा माशांपैकी नऊहून अधिक परत सोडले जातात. तरीही 2023 मधली तेथील गळावरची पकड 1952 पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी भरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आययूसीएनने अटलांटिक सॅमनची जागतिक संख्या 2006 ते 2020 या काळात 23 टक्क्यांनी घटल्याचे सांगून त्याला 'संकटासन्न' गटात टाकले. ब्रिटनमध्ये तर तो 'संकटग्रस्त' ठरला. कारणे उघड आहेत. नद्यांवरची धरणे आणि बंधारे, शेतीतून येणारे प्रदूषण, तापलेल्या समुद्रात बदललेले अन्न, सॅमनच्या बंदिस्त शेतीतून पसरणाऱ्या उवा आणि तेथून निसटलेल्या माशांशी होणारा संकर. यांपैकी एकाही कारणावर गळ टाकणाऱ्याच्या औदार्याचा परिणाम होत नाही.

मग सोडण्यात अर्थच नाही का? या ठिकाणी आपल्या जवळची एक कथा उपयोगी पडते. कावेरीच्या महासीर माशावर 1970 च्या दशकापासून परदेशी आणि देशी हौशी मासेमार येत. कर्नाटकात भीमेश्वरी, गालीबोरे येथे त्यांच्या छावण्या होत्या. मासा सोडण्याचा नियम कडक होता आणि प्रत्येक माशाची नोंद होई. छावण्यांच्या राबत्यामुळे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना वचक बसे. पुढे वन्यजीव कायद्याच्या नव्या अन्वयार्थामुळे 2012 च्या सुमारास हे बंद झाले. नंतर ॲड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी गालीबोरेच्या 1998 ते 2012 या काळातील सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी तपासल्या. त्यांत आढळले, की एकूण महासीर वाढले होते; पण कावेरीचा स्वतःचा, कुबडाचा महासीर जवळजवळ नाहीसा होत चालला होता. त्याची जागा घेत होता निळ्या परांचा दख्खनी महासीर. कर्नल साइक्सने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्याचे वर्णन केले, तोच हा मासा. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास झाली आणि तेथले बीज सद्भावनेने दूरदूरच्या नद्यांत सोडले गेले. 2018 मध्ये कुबडाच्या महासीराची शास्त्रीय ओळख पटली आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला.

या कथेत दोन प्रकारचे 'सोडणे' आहे. एक, धरलेला मासा सोडणे. दुसरे, परक्या नदीत बीज सोडणे. पहिल्याने कावेरीचा मासा वाचला नाही. दुसऱ्याने, हेतू चांगला असूनही, त्याची अडचणच वाढली. परंतु तो जातो आहे हे कळले, ते पहिल्यामुळे. गळ टाकून तासन् तास नदीकडे पाहत बसलेल्या आणि हाती आलेला मासा मोजून सोडणाऱ्या माणसांनी वही ठेवली नसती, तर मासे वाढले म्हणून आपण समाधान मानले असते.

म्हणून माझे मत असे, की घटत्या नदीवर गळ टाकायचाच असेल, तर रानटी सॅमन सोडलाच पाहिजे. तापलेल्या पाण्यात गळ टाकूच नये. आणि अन्नासाठी मासा धरणाऱ्या मूळच्या रहिवाशाला हा नियम शिकवायला जाऊ नये, कारण त्याचा हक्क आधीचा आहे. परंतु सोडण्याला संवर्धन म्हणणे थांबवावे. ते फार तर आणखी नुकसान न करण्याचे व्रत आहे. त्या बदल्यात नदीकाठी बसण्याची जी मुभा मिळते, तिचे मोल धरणाविरुद्ध, मत्स्यशेतीच्या उवांविरुद्ध, सांडपाण्याविरुद्ध साक्ष देऊन चुकवले पाहिजे. "मग धरलाच कशाला?" या प्रश्नाला सुसह्य म्हणता येईल असे एवढेच उत्तर मला दिसते: नदीत काय उरले आहे ते पाहण्यासाठी, आणि पाहिलेले सांगण्यासाठी. जो हे सांगत नाही, त्याने मासा सोडला काय आणि खाल्ला काय, नदीच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.