पूल बांधणारे परदेशी अभियंते : जेम्स बर्कले

जळगाव-धुळ्याची आपली कुटुंबे लग्नकार्यास वा नोकरीधंद्यास आगगाडीने मुंबईकडे जातात, तेव्हा इगतपुरीनंतर थळघाट लागतो. बोगद्यांतील अंधार व दरीवरील पूल मुले कुतूहलाने पाहतात. परंतु हे काम कोणी आरंभिले, हे आम्ही त्यांस क्वचितच सांगतो. म्हणून हा अल्प परिचय.

जेम्स जॉन बर्कले यांचा जन्म १८१९ साली इंग्लंडात झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते म्हणून ते १८५० साली मुंबईस आले. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत गाडी धावली. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पुढील वर्षी मार्ग कल्याणास पोहोचला. खरी कसोटी सह्याद्रीची होती. एकट्या बोरघाटात २५ बोगदे व ८ मोठे कमानींचे दगडी पूल बांधावे लागले. तेथे एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबले. पटकी व तापाने हजारो दगावले. त्यांची नावे आज कोण जाणतो?

बर्कले यांचीही प्रकृती खालावली. १८६१ साली ते मायदेशी परतले व १८६२ मध्ये, अवघ्या ४२ वर्षांचे असता, निवर्तले. बोरघाट १८६३ साली आणि खानदेशची वाट मोकळी करणारा थळघाट १८६५ साली खुला झाला. यांपैकी एकही त्यांस पाहावयास मिळाला नाही.

मात्र त्यांच्या नावे एक पारितोषिक ठेवण्यात आले. १८८३ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून परीक्षेत प्रथम आलेल्या, म्हैसूरकडील एका गरीब विद्यार्थ्यास ते मिळाले. ते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढल्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले व लवकरच आपल्या खानदेशात नेमले गेले. दातर्ती येथे पांझरेच्या पात्राखालून नळ टाकून, पाणी आपल्याच दाबाने पैलतीरी चढविण्याचे काम त्यांनी ऐन पावसाळ्याशी झुंजत केले.

देणारा विलायतेचा, घेणारा म्हैसूरचा; दोघांची भेट कधी झाली नाही. तरी त्या पारितोषिकाने गौरविलेली विद्या आमच्या नदीकाठी कामास आली. ज्ञातीच्या शिक्षणनिधीत यथाशक्ति भर घालताना सभासद बंधु-भगिनींनी एवढे स्मरावे, हीच आमची विनंती.