गाडीखालचा थेंब

मद्रास शहराचा मोटारीशी संबंध फार जुना आहे. १८४० साली स्थापन झालेली तेथील सिम्पसन कंपनी मूळची बग्ग्या बांधणारी. पण त्याच कंपनीच्या सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार तयार केली. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास अ‍ॅडिसन कंपनीने मॉरिस आणि एन्नोरच्या अशोक मोटर्सने ऑस्टिन या गाड्यांची जुळणी तेथे केली. १९४८ साली ‘स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ही कंपनी निघाली आणि शहराच्या दक्षिणेस, वंडलूरच्या बाजूला, तिचा कारखाना उभा राहिला. मुंबईजवळ कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमिअर, बंगालमध्ये उत्तरपाऱ्याला हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासला स्टँडर्ड, अशी ही त्रयी पुढे अनेक वर्षे देशाच्या रस्त्यांवर नांदली.

त्या कारखान्याची सर्वांत लाडकी गाडी म्हणजे १९६१ साली आलेली स्टँडर्ड हेरल्ड. इंग्लंडात ती १९५९ मध्ये ‘ट्रायम्फ’ या नावाने प्रसिद्ध झाली होती. जिओव्हानी मिकेलॉट्टी या इटालियन कलावंताने तिचा आकार रेखला होता. इंजिन अवघे ९४८ घनसेंटिमीटरचे. मात्र तिचे बॉनेट पुढच्या पंखांसह सबंध पुढे कलंडत असे आणि कारागीर पुढच्या चाकावर बसून निवांतपणे इंजिनाची तपासणी करू शके. एवढी सोय असूनही या गाडीखाली रात्रीतून पडलेला थेंब नेमका कोठून आला, हे शोधणे कधीच सोपे नव्हते. चेन्नईत आजही काही घरांत या गाड्या हौसेने सांभाळल्या जातात, तेव्हा हा शोध अद्याप संपलेला नाही.

इंग्लिश गाड्या गळतातच, असे म्हणून पुष्कळ लोक हा प्रश्न निकालात काढतात. हा आळशीपणा झाला. सगळे थेंब सारखे नसतात. काही थेंब निरुपद्रवी असतात, एखादा तर चक्क शुभलक्षण असतो आणि एखादा प्राणावर बेतणारा असतो.

जाणता कारागीर प्रथम गाडीखाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा अंथरतो आणि रात्रभर तसाच ठेवतो. सकाळी डागाचा रंग, दाटपणा आणि वास पाहतो. काळसर तेल इंजिनाचे. दाट, गंधकासारख्या उग्र वासाचे तेल गिअरपेटीचे किंवा मागच्या डिफरन्शियलचे. आणि पातळ, फिकट, रंगावर पडल्यास रंग सोलून काढणारे द्रव्य ब्रेकचे अथवा क्लचचे. शंका राहिलीच, तर थेंब वाटीभर पाण्यात टाकावा. तेल वर तरंगते, ब्रेकचे द्रव्य पाण्यात मिसळून जाते. साधी परीक्षा, पण सहसा फसवत नाही.

डाग कोठे पडला यावरून मात्र उगम कळत नाही. धावत्या गाडीखालचा वारा तेल मागे लोटत नेतो आणि पुढच्या टायमिंग कव्हरापाशी सुटलेले तेल मागे गिअरपेटीखाली ठिबकते. म्हणून खालचा भाग स्वच्छ धुऊन, कोरडा करून त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरवतात, इंजिन तापेपर्यंत चालवतात आणि ओल्या रेघेचे सर्वांत उंच टोक शोधतात.

हेरल्डमध्ये हे टोक पुष्कळदा इंजिन आणि गिअरपेटी यांच्या सांध्याशी जाऊन थांबते. तेथे क्रँकशाफ्टच्या मागील टोकाला रबरी सील नव्हतेच. शाफ्टवर मळसूत्रासारखे खाचे पाडलेले असत. शाफ्ट फिरू लागला की ते तेलाला आत परत ढकलत. म्हणजे इंजिन थांबले की तेल अडवणारा पहारेकरीही थांबला! त्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियमचे कवच किंचित जरी तिरके बसले किंवा झिजलेल्या पिस्टन-रिंगांमुळे इंजिनाच्या पोटातला दाब वाढला, की गळती वाढणारच. नवे गॅस्केट घालून ती थांबत नाही. ते कवच शाफ्टशी समकेंद्र बसवावे लागते.

पुढच्या चाकांपाशी मात्र उलटा प्रकार. तेथील ट्रनियन नावाच्या पितळी सांध्यात ग्रीस नव्हे, गिअरचे पातळ तेल भरावे असा गाडीच्या निर्मात्यांचा दंडक होता. त्यामुळे चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा एखादा थेंब दिसला, तर निगा नीट राखली जात आहे असे समजावे. तो थेंब दिसेनासा झाला आणि कोणी सांध्यात ग्रीस कोंबले, तर आतला दांडा गंजून चाक एके दिवशी मोडून बाहेर पडते.

खरी परीक्षा मागच्या चाकाशी होते. ब्रेकच्या ड्रमाची आतली बाजू ओली दिसली, तर अँबेसिडरच्या मालकाने डिफरन्शियलच्या तेलावर संशय घ्यावा हे योग्य. कारण तिच्या अ‍ॅक्सलच्या नळीतून ते तेल चाकापर्यंत पोचू शकते. हेरल्डची रचना वेगळी. तिचे मागचे अर्धे शाफ्ट उघडे असतात आणि डिफरन्शियलचे तेल चाकापर्यंत जाऊच शकत नाही. तेथे वितळलेले ग्रीस असेल किंवा ब्रेकचे द्रव्य. पुढे याच कारखान्याने १९७०च्या दशकात गॅझेल काढली, तिला मात्र सरळ, अखंड अ‍ॅक्सल दिला. एकाच कारखान्याच्या दोन बहिणी, लक्षणही एकच, पण अर्थ निराळा!

आणि ते ब्रेकचे द्रव्य असेल, तर गाडी तेथेच थांबवावी. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकांची नळी एकच असे. एका चाकाशी वॉशर फाटले की चारही ब्रेक जात. आरंभीच्या काळात हे द्रव्य एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे. पुढे ग्लायकॉलचे द्रव्य आले. ग्लायकॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि समुद्राकाठच्या चेन्नईत तिला कधीच तोटा नाही. ते पाणी सिलिंडरात साचते, लोखंडाला गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि त्यांवर घासून वॉशरची धार जाते. म्हणूनच फार न वापरलेली, झाकून ठेवलेली गाडी रोज धावणाऱ्या गाडीहून अधिक गळते.

१९६२ साली टीव्हीएस घराणे आणि इंग्लंडची गर्लिंग-ल्यूकस मंडळी यांच्या सहकार्याने मद्रासच्या पाडी भागात ब्रेक्स इंडिया हा कारखाना निघाला. ब्रेकचे सुटे भाग त्याच शहरात घडू लागले. स्टँडर्डचा कारखाना मात्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस थंडावला. आता जुन्या सिलिंडराला खड्डे पडलेले आढळले, तर त्यात केवळ नवे वॉशर घालणे म्हणजे चार महिन्यांची सोय. लेथवर आतून कोरून पितळेचे किंवा स्टेनलेसचे अस्तर बसवावे लागते. ते काम चोख झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या चाकाखालचा पुठ्ठा कोरडा निघतो. पुढच्या दोन चाकांपाशी तेवढा तेलाचा एकेक डाग असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही.