हिल, ग्रँट
हिल, ग्रँट : (५ ऑक्टोबर १९७२ – ). अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू. जन्म डॅलस (टेक्सस) येथे. १९९४ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स संघातून एनबीएत पदार्पण. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. २००० मध्ये डावा घोटा मोडला आणि ऑरलँडो मॅजिककडून पहिल्या मोसमात ते जेमतेम ४ सामने खेळले. मार्च २००३ मधील शस्त्रक्रियेत घोट्याचे हाड मुद्दाम मोडून पायाच्या हाडाशी सरळ जुळवले गेले; त्यानंतर प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा संसर्ग होऊन त्यांच्या जिवावर बेतले. २००३-०४ चा संपूर्ण मोसम हुकूनही पुढच्या मोसमात ते ६७ सामने खेळले. फीनिक्स सन्सकडून २००८-०९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी सर्व ८२ सामने खेळून दाखवले. दीर्घ पुनर्वसनातील चिकाटीचे हे थोर उदाहरण होय. २०१३ मध्ये निवृत्ती. २०१८ मध्ये नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये समावेश.